नाद कन्सल्टन्सी, मेलवीदी, तंजावूर

लग्न लागायच्या आधीच गेट्टिमेळम् वाजलं, आणि सुप्रभाबाईंच्या धंद्याचा मुहूर्त तिथेच लागला. अर्थात त्या वेळी हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांच्या स्वतःच्याही नव्हतं.

साल त्र्याण्णव. तंजावूरच्या मेडिकल कॉलेज रस्त्यावर 'नित्या महाल' नावाचा नवा कोरा कल्याणमंडप उघडला होता. राजस्थानातून आणवलेला संगमरवर, भिंतींना छतापर्यंत आरसे, आणि मधोमध पालथ्या टोपलीसारखा मोठा घुमट. तोवर गावातली लग्नं साध्या, बुटक्या, पंखे कुरकुरणाऱ्या मंडपांत होत. इथे आत पाऊल टाकलं की बायका आधी आरशात बघून पदर सारखा करायच्या, मग वधूकडे बघायच्या.

त्या दिवशी सुप्रभाबाईंच्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं. भटजी माइकवरून मंत्र म्हणत होते, पण ऐकू येत होता तो नुसता गलबला, पाण्याखालून कुणी बोलावं तसा. मध्येच भटजींनी मुलीच्या मामाला काहीतरी आणायला सांगितलं, आणि मामा जागचा हलेना म्हणून माइकमध्येच विचारलं, "केट्टिया?" म्हणजे, ऐकलंस का?

तो शब्द घुमटात गेला, तिथे चार गिरक्या घेतल्या, आणि वाजंत्र्यांच्या कानावर पडला तो 'गेट्टि' होऊन. ताली, म्हणजे मंगळसूत्र, गळ्यात बांधली जाते त्या क्षणी नादस्वराची लांब सनई आणि तविलचा ढोल मिळून जो एकच कल्लोळ करतात, तो गेट्टिमेळम्. त्याची खूण भटजीच 'गेट्टिमेळम्!' असं ओरडून देतात. तविलवाल्याने क्षणाचाही विचार केला नाही. धडाड्‌धूम! मागोमाग नादस्वर. पाहुण्यांनी हातातल्या अक्षता उधळल्या. नवरा मुलगा मात्र रिकामे हात पुढे करून बसलेला, कारण ताली ठेवलेलं ताट अजून तिसऱ्या रांगेत होतं, म्हाताऱ्या माणसांनी हात लावून आशीर्वाद द्यावा म्हणून फिरत.

वधूला हसू आवरेना. तिच्या आजीने मात्र अपशकुन झाला म्हणून डोळ्यांना पदर लावला. दहा माणसांनी ओरडून वाद्यं थांबवली, अक्षता पुन्हा वाटल्या आणि लग्न दुसऱ्यांदा लागलं.

मंडपाचा मालक मणी खांबाला टेकून हे सगळं बघत होता. मूळचा भातगिरणीवाला. अंगाने भरदार, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि चेहरा असा की पुढ्यातलं ताट कुणीतरी उचलून नेलंय. मंडपाला त्याने आपल्या मुलीचं नाव दिलं होतं, आणि तिचंच नाव गावात हसण्यावारी जाणार हे त्याला दिसत होतं.

जेवणं झाली, माणसं पांगली. सुप्रभाबाई पानसुपारी घेऊन निघाल्या होत्या, पण दाराशी जाऊन परत फिरल्या. रिकाम्या मंडपात बरोबर घुमटाखाली उभ्या राहिल्या आणि त्यांनी एक टाळी वाजवली. कान देऊन ऐकत राहिल्या. मग दोन पावलं बाजूला सरून पुन्हा एक.

ही सवय त्यांच्या वडिलांची. व्यंकटरमणबुवा हरिकथा करायचे. तमिळ, मराठी, संस्कृत, समोर जसे श्रोते असतील तशी भाषा, आणि गावोगाव नव्या नव्या जागा. कथेच्या आधी ते जागेत जाऊन टाळी वाजवायचे. लहानपणी सुप्रभाने विचारलं होतं, "आपा, टाळी कोणासाठीं?" ते म्हणाले होते, "जागेला विचारतों गं, तुजला बोलूं का गाऊं?" पुढे सुप्रभाबाई फिजिक्स शिकल्या, एम.फिल.ला प्रबंध लिहिला तोही नाट्यगृहांतल्या प्रतिध्वनीवरच. पण त्याचा उपयोग म्हणजे नावापुढे दोन अक्षरं वाढली, एवढाच. वीस वर्षं त्या एका खासगी कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात मुलींना प्रकाश, उष्णता, ध्वनी शिकवत आल्या होत्या. आणि त्याच उन्हाळ्यात कॉलेजने तो वर्ग बंद केला होता. फिजिक्सला मुलीच येईनात. सगळ्यांना कॉम्प्युटर हवा होता.

"काय चाललंय, अम्मा?" मणी तमिळमध्ये विचारत पुढे आला. "टाळ्या कशाला? माझी फजिती पुरेशी झाली नाही का?"

"तुमच्या घुमटाला विचारतेय," सुप्रभाबाई म्हणाल्या.

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, मजकडे आलेलं मी काही जिरवणार नाही. सगळं परत देणार, दामदुपटीनं."

मणीला वाटलं, ही बाई आपली थट्टा करतेय. त्याने आधीच वास्तूवाल्याला बोलावणं धाडलं होतं. त्याच्या सांगण्यावरून पुढच्या आठवड्यात उत्तरेचं दार बुजवलं आणि पूर्वेला नवं पाडलं. पुढच्या लग्नात वऱ्हाडाची बस सुटत असल्याची सूचना दिली, ती लोकांना जेवणाची पंगत बसल्याची ऐकू आली. बस सुटली तेव्हा तिच्यात ड्रायव्हर आणि दोन आचारी होते. वऱ्हाड पानांवर बसलेलं.

त्यानंतर मणीने टाळ्या वाजवणाऱ्या बाईंचा पत्ता शोधून काढला.

*

मेलवीदीच्या मागच्या बोळात सुप्रभाबाईंचं घर. नवरा राघवेंद्र पोस्टात, आणि सासूबाई ताराबाई, सत्तरी उलटलेल्या, कानाने तिखट आणि जिभेनेही. घरात मराठी बोलत, पण लिहायची वेळ आली की तमिळ. मोडी नाही, बाळबोध नाही. मुलगा चेन्नईला, म्हणजे तेव्हाच्या मद्रासला, शिकायला. तो फोनवर मराठी ऐकायचा आणि इंग्रजीत उत्तरं द्यायचा.

मणी ओट्यावर बसला. त्याने कॉफी घेतली आणि म्हणाला, "अम्मा, काय करायचं ते सांगा. तोडफोड मात्र पुन्हा नको."

"तोडायचं काही नाही. तुमच्याकडे जमखाने किती आहेत?"

"जमखाने? मंडपवाला मी. गोदाम भरलंय."

"उद्या ते सगळे भिंतींवर टांगा. आरशांवरून. आणि दोराला बांधून थोडे घुमटाखाली सोडा."

मणी आत बसलेल्या राघवेंद्रांकडे बघू लागला, एखाद्या पुरुषमाणसाने हे हसण्यावारी न्यावं म्हणून. राघवेंद्रांनी पेपरातून मान वर केली. "ती सांगते ते करा," ते म्हणाले, "मी तेवीस वर्षं तेच करतोय."

दुसऱ्या दिवशी नित्या महालाचं रूप बघण्यासारखं होतं. एवढे महागाचे आरसे, आणि त्यांवर लाल, निळे, हिरवे पट्ट्यापट्ट्यांचे जमखाने, धोबीघाटावर वाळत घातल्यासारखे. गडी हसत होते. सुप्रभाबाईंनी मणीला मंडपाच्या पार टोकाला, शेवटच्या खुर्चीवर बसवलं. मणीची नित्या तेव्हा बारावीत होती. तिला व्यासपीठावर उभं केलं आणि हातात त्या दिवसाचा तमिळ पेपर दिला.

"माइक नको. नेहमीच्या आवाजात वाच."

नित्याने वाचायला सुरुवात केली. कावेरीच्या पाण्याची बातमी, मग सिनेमाची, मग एका पानवाल्याला लागलेल्या लॉटरीची. मणी एकेक शब्द ऐकत होता. लॉटरीच्या बातमीला तो उठला आणि तिथूनच म्हणाला, "कुठला पानवाला? पुन्हा वाच." मग त्याच्या लक्षात आलं की तोही ओरडला नव्हता, आणि पोरीलाही ऐकू गेलं होतं.

तो चालत पुढे आला. एका जमखान्याला हात लावून उभा राहिला. "हे तर माझेच," तो म्हणाला. "गोदामात पडून होते. मग तुम्ही काय दिलंत, अम्मा?"

विचारण्यात खोच नव्हती. माणूस खरोखर कोड्यात पडला होता. सिमेंट दिलं तर सिमेंटचे पैसे, लोखंड दिलं तर लोखंडाचे, हे त्याला कळायचं.

"जमखाने तुमचे," सुप्रभाबाई म्हणाल्या. "कुठे टांगायचे, ते माझं."

मणीने एकदा जमखान्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. मग त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे विद्वानासारखं. गाणं हवेत जातं, पण बिदागी द्यायचीच."

आता जमखाने कायमचे टांगून लग्नं लावता येईनात. आरशांवर मणीचा जीव होता, आणि त्याच्या बायकोचा त्याहून जास्त. सुप्रभाबाईंनी तीन-चार दिवस डोकं खाजवलं. मग एका संध्याकाळी देवळाकडून येताना रथवीदीतल्या एका दुकानापाशी त्या थबकल्या. दुकानात तोंबई लोंबत होत्या. रथाला आणि उत्सवाच्या मांडवाला टांगतात त्या रंगीत कापडी नळकांड्या. लाल-पिवळ्या कापडावर मोर, सिंहासारखे यळी, कमळं कातरून शिवलेली, आतून पोकळ. दुकान तुळजाजी नावाच्या म्हाताऱ्याचं. घराणं मराठी, हात तमिळ कारागिराचा, आणि स्वभाव कुणाचाच नाही असा.

"आत काय भरतां?" सुप्रभाबाईंनी विचारलं.

"काहीं नाहीं. वारा."

"काथ्या भरला तर?"

तुळजाजींनी चष्म्यावरून पाहिलं. "तोंबई आहे, बाई. उशी नव्हे."

पण भरला. कुरकुरत भरला. शिवण उसवते म्हणून तक्रार केली आणि शिवण दुहेरी केली. महिन्याभरात नित्या महालात मोठ्या मोठ्या तोंबई लागल्या. घुमटाखाली एक घोस आणि भिंतींच्या कडेने रांगा. आरसे तोंबईंच्या मधून दिसत राहिले, मणीची बायको खूश झाली. पुढच्या लग्नात भटजींचा शब्द न् शब्द शेवटच्या रांगेला ऐकू गेला, आणि बस सुटली ती भरून.

मणीने बिदागी दिली ती त्याच्या समजुतीप्रमाणे. सहकुटुंब घरी आला. मोठ्या ताटात नारळ, केळीचा घड, विड्याची पानं, ताराबाईंना आणि सुप्रभाबाईंना रेशमी साड्या, राघवेंद्रांना जरीकाठी वेष्टी, म्हणजे धोतर, आणि पानांखाली लाजत ठेवलेलं पाकीट. ताराबाईंनी ताट स्वीकारलं आणि तो गेल्यावर सुनेला विचारलं, "हें कशाबद्दल दिलें म्हणतेस?"

"सल्ल्याबद्दल, आत्याबाई."

"सल्ला!" ताराबाईंनी साडीची घडी उलगडून पदर डोळ्यांजवळ नेला. "आपल्या बोळांत सल्ला नको म्हटलें तरी मिळतो. मीच केवढा दिला जन्मभर. मजला कोणी केळीचें पानदेखील दिलें नाहीं."

*

पाटी रंगवून आणली राघवेंद्रांनी. तमिळ आणि इंग्रजीत, निळ्यावर पांढरी: नाद कन्सल्टन्सी. 'नाद' हा शब्द सुप्रभाबाईंचा, 'कन्सल्टन्सी' पेंटरचा. त्या काळी जिकडेतिकडे त्याच पाट्या लागत होत्या, त्यामुळे त्याचा हात बसला होता.

पाटी लागली त्याच दिवशी दुपारी दोन तरुण आले. अंघोळी करून, भांग पाडून, हातात पासपोर्ट. "मॅडम, दुबई का मस्कत?"

तंजावुरात कन्सल्टन्सी म्हणजे आखाताला माणसं पाठवणारी, हे पेंटरला ठाऊक होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं, फक्त सुप्रभाबाईंच्या लक्षात आलं नव्हतं. पोरांना त्यांनी कॉफी दिली आणि परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी चार आले. त्यानंतर ओरत्तनाडहून एक गृहस्थ आपल्या मोठ्या भावाला हाताला धरून घेऊन आले. भाऊ बहिरा. 'नाद' वाचून त्यांना वाटलं, कानाचा दवाखाना. त्यांना हाकलणं जिवावर आलं, म्हणून सुप्रभाबाईंनी त्यांना मेडिकल कॉलेजच्या कोणत्या खोलीत जायचं ते कागदावर लिहून दिलं. मग आली एक विधवा आई, मुलीसाठी स्थळ शोधत. तिला मात्र ताराबाईंनी आत नेलं, आणि खरोखर स्थळ सुचवलं.

"तुझ्यापेक्षां माझा धंदा बरा चाललाय," त्या सुनेला म्हणाल्या.

दोन महिने असेच गेले. सुप्रभाबाई पाटीकडे बघायच्या आणि मनात यायचं, शिकवण्या लावाव्यात. बारावीच्या मुलांना फिजिक्स. नक्की चाललं असतं. ओटा मुलांनी भरला असता. एका रात्री जेवताना त्या तसं बोलल्यादेखील. राघवेंद्र भात कालवत होते.

"शिकवण्या घे की," ते म्हणाले. "पण मणीच्या मंडपातून आलीस त्या दिवशी तू काय बोलत होतीस, आठवतंय? जेवताना घुमट ताटात काढून दाखवलास. रसमने. कॉलेजातून आल्यावर असं कधी केलं नव्हतंस."

सुप्रभाबाईंनी त्यांना आणखी रसम वाढलं. शिकवण्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

आणि मग मणीच्या तोंडून गोष्ट पसरली. मंडपवाल्यांना सगळ्यांनाच संगमरवर आणि आरसे हवे होते. त्यामुळे सगळ्यांनाच घुमाऱ्याने पछाडलं होतं. पट्टुकोट्टैहून बोलावणं आलं, पापनाशमहून आलं. सुप्रभाबाई टाऊन बसने जायच्या. खांद्याला झोळी, झोळीत टेप, पेन्सिल आणि दुपारचा दहीभात. पोचल्या की आधी टाळी. मग मालकाशी बोलणं. त्यांचा सल्ला बहुतेक वेळा एकच असायचा: तोंबई. तुळजाजींना एवढं काम आलं की त्यांनी दोन पुतण्यांना शिवायला बसवलं आणि कुरकुर करायला त्यांना वेळ पुरेना.

याच भरात त्या तिरुवैयारूला चुकल्या.

*

तिरुवैयारूला कावेरीच्या काठी सूर्यनारायण नावाच्या निवृत्त इंजिनियरांनी एक सभागृह बांधलं होतं. लग्नांसाठीही आणि गाण्यासाठीही. सडपातळ, बोलण्यात नेमके, गाण्याचे दर्दी. त्यांनी सुप्रभाबाईंना सांगितलं, "मला घुमारा नको. अजिबात नको." सुप्रभाबाईंनी शब्दशः ऐकलं. भिंतींना काथ्याची गादी, वर कापड, छताला दाट तोंबई, खुर्च्यांनासुद्धा गाद्या. काम झालं तेव्हा त्यांनी टाळी वाजवली, आणि ती जिथल्या तिथे विरली. त्यांना अभिमान वाटला.

उद्घाटनाला गावातल्या एका ज्येष्ठ नादस्वर विद्वानांना बोलावलं होतं. गाव गाण्याचं. समोर बसलेले अर्धेअधिक लोक स्वतःच गाणारे-वाजवणारे. विद्वानांनी नादस्वर ओठांना लावलं, राग सुरू केला, आणि दोन-चार सुरावटींतच थांबले. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा थांबले. वाद्य पुसलं, तोंडाची पत्ती बदलली. तिसऱ्या खेपेला त्यांनी वाद्य मांडीवर आडवं ठेवलं.

"या घराला कुणी आठ दिवस उपाशी ठेवलं होतं का?" त्यांनी माइकशिवाय विचारलं, आणि सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं, हेच वाईट. "मी जे देतो ते गिळून बसतंय. मला काहीच परत मिळत नाही. भिंतीला तोंड लावून वाजवल्यासारखं वाटतंय."

लोक हसले. पण विद्वान हसत नव्हते. त्यांनी नम्रपणे नमस्कार केला, वाद्य पिशवीत घातलं आणि बाहेरच्या अंगणात जाऊन बसले. उरलेली कचेरी, म्हणजे मैफल, अंगणातच, आंब्याच्या झाडाखाली झाली. आणि फार सुंदर झाली. सुप्रभाबाई रिकाम्या सभागृहाच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. घुमारा काढायचा म्हणता म्हणता त्यांनी जागेचा जीवच काढून घेतला होता. बोलण्याला कोरडी जागा लागते. नादस्वराला, गळ्याला, थोडं परत देणारी जागा लागते. एम.फिल.च्या प्रबंधात हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. आणि आपा तर जागेला विचारायचेच तेवढं: बोलू का गाऊ?

कचेरी संपल्यावर त्या सूर्यनारायणांकडे गेल्या. ते काही म्हणायच्या आत म्हणाल्या, "चूक माझी आहे. तुम्ही म्हणालात घुमारा नको, पण तुम्हाला काय हवंय ते मी विचारायला हवं होतं. मला पंधरा दिवस द्या. यापुढचं काम माझ्या खर्चाने."

"इंजिनियर म्हणून तीस वर्षं नोकरी केली," सूर्यनारायण म्हणाले, "ठेकेदाराच्या तोंडून हे वाक्य ऐकायला निवृत्त व्हावं लागलं. घ्या पंधरा दिवस."

पण करायचं काय? अर्ध्या तोंबई काढल्या तर गाणं बरं होणार आणि भाषण बिघडणार. दोन्ही एकाच छताखाली कसं जमवायचं? घरी येऊन त्या विचारात पडल्या. वरण करपलं. ताराबाईंनी विचारलं तर सगळं सांगून टाकलं, नादस्वर विद्वानांच्या शब्दांसकट.

"खरें बोलला तो," ताराबाई म्हणाल्या. "उद्यां पाहूं. आज कांहीं सुचत नसतें."

सकाळी सुप्रभाबाई मागच्या पडवीत दात घासत उभ्या होत्या. ताराबाई अंघोळ करून सोवळ्याचं लुगडं वाळत घालत होत्या. छताशी, माणसाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर बांबू टांगलेला. एका टोकाला दोरी, आढ्याच्या कडीतून ओवलेली. दोरी सैल सोडली की बांबू खाली, ओढली की वर. ताराबाईंनी बांबू खाली घेतला, लुगडं टाकलं, दोरी ओढली. नऊवार कापड सरसरत वर गेलं आणि पडवीत ऊन आलं.

"आत्याबाई," सुप्रभाबाई तोंडात पेस्ट असतानाच म्हणाल्या, "पुन्हां एकदां खाली घ्या!"

"ओलें आहे गं."

"घ्या तर!"

ताराबाईंनी घेतलं. पडवी लुगड्याने भरली. वर नेलं, पडवी मोकळी. खाली, वर. ताराबाईंना वाटलं सून काळजीने भ्रमिष्ट झाली. सुप्रभाबाई तोंड न धुताच आत धावल्या, पेन्सिल शोधायला.

तुळजाजींनी ऐकून घेतलं आणि प्रथमच कुरकुर केली नाही. "रथाला आम्ही असेंच करतों," ते म्हणाले. "वळणावर तोंबई वर ओढाव्या लागतात, तारांना अडकतात म्हणून." मग विहिरीवरचे रहाट विकणाऱ्याकडून कप्प्या आणल्या, सभागृहाच्या छताला वर पोकळ खोबणी करून घेतल्या, आणि भिंतींवरच्या निम्म्या गाद्या उतरवल्या. तोंबई खाली सोडल्या की जागा बोलण्याची. दोर ओढला, तोंबई खोबणीत गेल्या, की जागा गाण्याची.

पंधराच्या जागी बावीस दिवस लागले. सूर्यनारायणांनी ते बोलून दाखवलं, पण हसत. पहिलं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी स्वतः जाऊन त्या विद्वानांना विनंती केली. ते यायला तयार नव्हते. "उपाशी घर" म्हणाले. शेवटी आले ते अंगणात बसायच्या तयारीनेच, झाडाखाली चटई टाकायला सांगून.

मंत्र चालू होते, तोंबई खाली. भटजींचं एकेक अक्षर मोत्यासारखं. मग भटजींनी तालीचं ताट हातात घेतलं, आणि सुप्रभाबाईंनी बाजूच्या खांबाशी उभ्या असलेल्या तुळजाजींच्या पुतण्यांना मान हलवून खूण केली. दोर ओढले गेले. लाल-पिवळे मोर, यळी, कमळं एकदम सरसर वर चढली, जणू छताने श्वास घेतला. पाहुण्यांनी माना वर केल्या, मुलांनी टाळ्या पिटल्या. वधूसुद्धा ताली विसरून वर बघू लागली. आणि विद्वानांनी, ज्यांना अखेर दाराच्या आत आणलं होतं, पहिला स्वर लावला.

तो स्वर गेला, भिंतींना भेटला, आणि थोडासा, अगदी हवा तेवढा, परत आला. विद्वानांच्या भुवया उंचावल्या. त्यांनी दुसरा स्वर जरा जपून लावला, पाण्याची खोली बघावी तसा. मग गेट्टिमेळम् असं काही वाजलं की शेजारच्या केळीच्या बागेतले कावळे उडाले.

लग्न लागल्यावर पंगत बसली, आणि विद्वान वाजवतच होते. आत, भर सभागृहात, एकटे, आपल्यापुरते. सूर्यनारायण जेवण सोडून समोर खुर्चीवर येऊन बसले. सुप्रभाबाई मागे खांबाला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण रडतोय. त्यांनी घाईने डोळे पुसले. बिदागीचं बोलणं अजून व्हायचं होतं.

*

त्यानंतर कामाला तोटा राहिला नाही. चेन्नईहून एका मोठ्या कंपनीच्या माणसाने आवाज शोषणाऱ्या परदेशी छतपट्ट्यांचं रंगीत पुस्तक पाठवलं आणि एजन्सी घ्याल का म्हणून विचारलं. सुप्रभाबाईंनी पुस्तक आवडीने चाळलं, आणि लिहून कळवलं की मी माल विकत नाही. राघवेंद्रांनी ते पत्र पोस्टात टाकण्याआधी दोनदा वाचलं आणि बायकोकडे नव्याने पाहिलं. पाटीवरचा 'कन्सल्टन्सी' शब्द मात्र बदलला नाही, कारण पासपोर्टवाल्यांची ताराबाईंना सवय झाली होती. त्या त्यांना ओट्यावर बसवून आखातातल्या उन्हाच्या गोष्टी सांगायच्या, स्वतः कुंभकोणमपलीकडे न जाता.

सुप्रभाबाईंनी मोपेड घेतली, पंचेचाळिसाव्या वर्षी शिकल्या, आणि पहिल्याच आठवड्यात एका म्हशीच्या अंगावर घातली. म्हशीला काही झालं नाही.

सत्त्याण्णवच्या ऐन पावसाळ्यात त्या एका पाटाकाठच्या खेड्यात गेल्या होत्या. तिथल्या शाळेच्या हेडमास्तर नागलक्ष्मीबाईंनी बोलावलं होतं. शाळेवर पत्रे. पाऊस आला की पत्र्यावर असा ताशा वाजे की शिकवणं थांबे. मुलं पाऊस संपायची वाट बघत बसायची, आणि त्या भागात कार्तिकात पाऊस संपायचा म्हणजे पंधरवडा जायचा.

"आमच्याकडे द्यायला काही नाही," नागलक्ष्मीबाई आधीच म्हणाल्या होत्या.

"माझ्याकडेही विकायला काही नाही," सुप्रभाबाई म्हणाल्या. "गावात पेंढा आहे ना?"

पेंढ्याला काय कमी. आयाबापांनी एका रविवारी पत्र्यावर पेंढ्याचा जाड थर घातला, वर माडाच्या झावळ्यांच्या चटया बांधल्या. आतून बोरूच्या चटया लावल्या. सोमवारी सुप्रभाबाई मोपेडवरून आल्या तेव्हा आभाळ भरून आलेलं होतं. त्या शेवटच्या बाकावर, दोन मुलींच्या मध्ये अंग चोरून बसल्या. तेवढ्यात पाऊस कोसळला. मुलांनी सवयीने पाट्या बाजूला ठेवल्या आणि छताकडे बघितलं.

वर फक्त दबकी सरसर होती, लांबून कुणी भात पाखडत असावं तशी.

नागलक्ष्मीबाईंनी फळ्यावर हात ठेवून वर्गाकडे पाठ केली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "सात नवे?"

शेवटच्या बाकावरची मुलगी, सुप्रभाबाईंच्या डावीकडची, तटकन उभी राहिली आणि उत्तर ओरडली. चुकलेलं. सगळा वर्ग हसला, नागलक्ष्मीबाईही हसल्या, आणि "बस, पुन्हा विचार कर" म्हणाल्या. ती मुलगी बसली, ओठ हलवत पुन्हा मोजू लागली. सुप्रभाबाईंनी तिला काही सांगितलं नाही. पावसाचा जोर ओसरायची वाट न बघता त्या उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि मोपेडला किक मारली. पापनाशमला तीन वाजता एक मंडपवाला वाट बघत होता.